दीपस्तंभाचा इतिहास : निरंक

३ मार्च, मंगळवार

पाडणार! चक्क पाडणार!

ऑफिसचं पत्र आलं. मी तीनदा वाचलं. हिने एकदाच वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. आमचा दीपस्तंभ सहा वर्षांपूर्वी बंद झाला, पण अजून ताठ उभा आहे. तो आता 'निरुपयोगी बांधकामां'च्या यादीत गेला. यादीत त्याच्या वरचा नंबर एका पडक्या गोदामाचा आणि खालचा एका सार्वजनिक मुतारीचा. शेजार बघा!

वाचवायचा असेल तर वाट एकच. १८ तारखेला हेड ऑफिसातून मॅडम येतील, त्यांच्यापुढे दीपस्तंभाचा लेखी इतिहास ठेवायचा. त्यात 'किमान एक उल्लेखनीय घटना' हवी. नसली तर स्तंभ आणि त्याच्या पायथ्याच्या आमच्या दोन खोल्या, दोन्ही जमीनदोस्त. मग आम्ही मुलीकडे राहायचं. मुलगी गुणाची आहे, जावईही बरा आहे, पण त्यांच्या खिडकीतून समोरच्यांची बाथरूम दिसते आणि दुसरं काहीच दिसत नाही.

एकतीस वर्षं मी हा दिवा लावला. याचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा लायक माणूस कोण आहे? उद्यापासून सुरुवात.

४ मार्च, बुधवार

दिव्याच्या खोलीतल्या पेटीतून नोंदवह्या खाली आणल्या. एकूण त्रेचाळीस. पायऱ्या एकशे बारा. सहा खेपा झाल्या, सातव्या खेपेला गुडघ्यांनी संप केला. ही म्हणाली, "त्यापेक्षा गुडघ्यांचा इतिहास लिहा. त्यात घटना तरी आहेत."

दुर्लक्ष केलं. पहिली वही उघडली. पहिला रखवालदार — त्याला मी 'पहिला' म्हणणार — अक्षर मोत्यासारखं. रोज तीन ओळी. दिवा लावला. दिवा विझवला. अपघात : निरंक.

इतिहासाला हात घातल्यावर अंगावर काटा आला. बहुतेक वह्यांच्या धुळीनेही आला असेल, कारण मागोमाग बावीस शिंका आल्या.

५ मार्च, गुरुवार

पहिल्याची आठ वर्षं वाचून झाली. दिवा लावला. दिवा विझवला. निरंक. डोळे लाल.

६ मार्च, शुक्रवार

घटना! नवव्या वर्षी, पान ३८ — "दिवा लावला. दिवा विझवला. अपघात : निरंक. दाढ दुखते."

मी खुर्चीतून उठलोच. दुसऱ्या दिवशी — "दाढ दुखते." तिसऱ्या दिवशी — "फार." असे सतरा दिवस! मी जेवणसुद्धा विसरलो. हिने दोनदा हाक मारली. म्हटलं, थांब गं, पहिल्याचं काय होतंय ते बघू दे. अठराव्या दिवशी — "दाढ काढली. वारा मंद." आणि पुन्हा गाडी रुळावर. दिवा लावला. दिवा विझवला.

दाढ ही उल्लेखनीय घटना धरता येईल का? हिला विचारलं. "कुणाची दाढ त्यावर आहे," म्हणाली.

८ मार्च, रविवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, खाली रस्त्यावर लॉज चालवतो. सात खोल्या. दीपस्तंभ पडला तर बघायला येणार कोण आणि लॉजमध्ये उतरणार कोण, म्हणून त्याच्याही तोंडचं पाणी पळालंय. माझ्या वह्या दोन मिनिटं चाळल्या आणि कपाळाला हात लावला.

"दाजी, हा इतिहास आहे की औषधाचा डोस? सकाळ-संध्याकाळ तेच ते!"

मग त्याने आपला इतिहास सांगितला. एक राणी होती. तिचा प्रियकर जहाजाने यायचा होता. वादळ झालं, जहाज फुटलं, राणीने वरच्या कठड्यावरून उडी घेतली.

म्हटलं, कुठली राणी? इथे साधी नगराध्यक्षाची बायको कधी फिरकली नाही. आणि वरचा कठडा छातीपर्यंत उंच आहे. राणीला स्टूल लागलं असतं.

"मग स्टूलही घाला त्यात!"

हाकलून दिला. मी सरकारी वहीत आयुष्यात एक खोटी ओळ लिहिलेली नाही. वारा मध्यम असताना 'जोराचा' लिहिला नाही. या वयात राण्या पाडायला लागू?

९ मार्च, सोमवार

आज पोट धरून हसलो. विसाव्या वहीपासून दोन रखवालदार आहेत, एक उंच आणि एक झोपेत घोरणारा. (घोरण्याची तक्रार उंचाने पहिल्याच पानावर लिहिली आहे.) लंबू आणि घोरू. दोघांचं काहीतरी बिनसलं आणि चार वर्षं — चार! — एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. राहायचे एकाच खोलीत. जे काय बोलायचं ते नोंदवहीत.

लंबू — "दिवा लावला. दिव्यापुढे कठड्यावर बनियन वाळत घालू नये. दर फेरीला समुद्रावर बनियनची सावली पडते."

घोरू — "दिवा विझवला. बनियन धुतलेली होती, ही बाब काहींना नवीन वाटेल."

लंबू — "अपघात : निरंक. बनियनला भोके आहेत, ती सावलीतही दिसतात."

खाली तपासणीला आलेल्या साहेबांची सही आणि शेरा — "पाहिले."

काय पाहिले? बनियन की भोके? साहेब सांगून गेले नाहीत.

हिला सगळं वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "चार वर्षं एका खोलीत न बोलता? त्यांना बायका असत्या तर चार तासही जमलं नसतं." मग जरा वेळाने पाठ फिरवून हसली. खांदे हलताना दिसले.

११ मार्च, बुधवार

वही सव्वीस. पान ७० — "शेळी जिना चढून दिव्याच्या खोलीत आली. उतरण्यास नकार." पान ७१ नाही. पान ७२ — "शेळी उतरवली. पान ७१ शेळीने खाल्ले. अपघात : निरंक."

पाहिलं, तर पान ७१ खरंच नाही. कडेला दातांच्या खुणासुद्धा आहेत!

मेहुण्याला सांगायला नको होतं. त्याचे डोळे चमकले. "दाजी! जे काय घडलं ते त्या पानावर होतं! जहाज फुटलं, माणसं वाचवली, सगळं! आणि ते शेळीनं खाल्लं!"

"अरे, एका पानावर चार दिवस मावतात. चार दिवस दिवा लावला, चार दिवस विझवला, आणि त्यातले तीन दिवस शेळी वर होती."

"हे तुम्ही बघितलं का?"

नाही बघितलं. हीच तर पंचाईत आहे. शेळीने माझं तोंडच बंद केलं.

१२ मार्च, गुरुवार

मेहुण्याने लॉजच्या दाराशी पाटी लावली. 'भुताचा दीपस्तंभ — पायी दहा मिनिटे.' अंगाचा तिळपापड झाला. जाऊन पाटी उतरवली. तो म्हणाला, निदान शेळीचं भूत तरी राहू द्या.

१४ मार्च, शनिवार

माझ्या स्वतःच्या वह्यांपर्यंत पोचलो. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही. मजकूर मात्र... असो.

हिला कौतुकाने नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली, आमच्या लग्नाच्या दिवसाची नोंद काढून दाखवली — "आज स्वतःचे लग्न. दिवा बदली माणसाने लावला. वारा मध्यम." तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. "मध्यम?" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली नाहीत, कारण या घरात दिवसा भांडी आपटत नाहीत. मी रात्री जागायचो, दिवसा झोपायचो, म्हणून एकतीस वर्षं ही दिवसा कुजबुजतच बोलली. मुलगी तर पहिली दोन वर्षं शाळेतही कुजबुजायची. बाईंनी कान तपासायला डॉक्टरकडे पाठवलं होतं.

पण दुपारी त्रेचाळिसावी वही मिटली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, निरंक! शहाऐंशी वर्षं अपघात निरंक! एक जहाज फुटलं नाही, एक माणूस बुडाला नाही. मी घटना शोधत बसलो होतो, आणि घटना घडली नाही हीच तर घटना! दिवा आपलं काम करत होता म्हणून काही घडलं नाही. पहिल्याने केलं, लंबू-घोरूने बनियनसकट केलं, मी केलं.

एका बैठकीत आठ पानं लिहून काढली. हिला वाचून दाखवली. शेवटी तिचे डोळे भरले. म्हणाली, "हे चांगलं आहे हो." मध्यम वाऱ्याबद्दल माफी झाली असावी. छाती फुगली आहे. मॅडमनी खुशाल यावं!

१५ मार्च, रविवार

वह्या परत पेटीत ठेवताना तळाशी सुतळीने बांधलेलं पाकीट सापडलं. बांधकामाच्या वेळचा पत्रव्यवहार. ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिलं पत्र ठेकेदाराचं, ऑफिसला. "आपल्या नकाशाप्रमाणे दीपस्तंभ उत्तरेच्या टोकावर बांधावयाचा आहे. परंतु गाडीवानांनी चुकून सर्व दगड अलीकडच्या टोकावर उतरविले आहेत. परत चढविणे बैलांना मान्य नाही. तरी काय करावे, कळवावे."

ऑफिसचं उत्तर, एका ओळीचं — "दगड उतरले आहेत, तर आता असू द्या."

आता असू द्या!

तिसरं पत्र दोन वर्षांनंतरचं. जहाजांचा मार्ग उत्तरेच्या टोकाजवळून जातो, खडकही तिथेच, म्हणून तिथे दुसरा दीपस्तंभ बांधून झाला. आमच्या टोकापासून जहाजं इतकी लांबून जातात की त्यांना आमचा दिवा असला काय, नसला काय. तो बंद करायचं ठरलं. "परंतु दीपस्तंभ बंद करण्याचा छापील नमुना उपलब्ध नाही. नमुना येईपर्यंत दिवा चालू ठेवावा."

नमुना आला सहा वर्षांपूर्वी. भरून मीच पाठवला. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत.

म्हणजे अपघात निरंक, कारण जहाजंच निरंक.

१६ मार्च, सोमवार

आज काही लिहीत नाही.

१७ मार्च, मंगळवार

हिला सांगावं लागलं. दोन दिवस मी चहात साखरेऐवजी मीठ घालून पितोय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

पत्रं वाचली. खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे एकतीस वर्षं मी हळू बोलले ते कशासाठी?"

मी पत्रांच्या घड्या घालायला लागलो.

"कशासाठी?" — या वेळी मोठ्याने. इतक्या मोठ्याने की मी दचकलो. तीही दचकली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं जमिनीवर आपटलं. मग झाकण. मग डबा. तीन वाजता मुलीला फोन लावला आणि अर्धा तास अशी बोलली की मेहुणा लॉजवरून धावत आला, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "काही नाही, बोलतेय!"

संध्याकाळी शांत झाली. म्हणाली (जोरात), "ते पाकीट उद्या पुढे करू नका. तुमची आठ पानं द्या. त्यात खोटं काय आहे? अपघात नाहीच झाला."

मेहुणाही तेच म्हणतो. पाकीट शेळीला घाला म्हणतो.

खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. तरी सगळं मिळून खोटंच आहे. पाकीट दाखवलं तर घर जाणार. नाही दाखवलं तर राहिलेलं आयुष्य या स्तंभाखाली त्याच्याकडे न बघता काढायचं. एकतीस वर्षं कुणासाठी जागलो मी? कुणाचंच अडलं नव्हतं.

१८ मार्च, बुधवार

मॅडम आल्या. वय पस्तीसच्या आसपास, पायांत बूट, मला पहिल्या मिनिटापासून 'काका'. एकशे बारा पायऱ्या चढल्या आणि वर पाच मिनिटं नुसत्या श्वास घेत बसल्या. तेवढ्यात मेहुण्याने राणी, जहाज, स्टूल आणि शेळी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी काहीच लिहून घेतलं नाही.

खाली आल्यावर मी आठ पानं दिली. शांतपणे वाचली. "शहाऐंशी वर्षांत एकही नाही? कमाल आहे, काका!" त्यांचा चेहरा उजळला. पेन काढलं. झालं असतं, तिथेच झालं असतं!

आणि माझा हात खिशात गेला. पाकीट बाहेर आलं. हिने मला कोपर मारलं, मेहुण्याने डोळे मिटले.

मॅडम 'बैलांना मान्य नाही' पर्यंत आल्या आणि हसायला लागल्या. 'आता असू द्या'ला पायरीवर बसल्या. 'छापील नमुना उपलब्ध नाही'ला त्यांना उचकी लागली. हिने पाणी आणलं. पाणी पिताना पुन्हा हसू आलं आणि पाणी नाकात गेलं. मी उभा होतो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "काका, मी जिथे जाते तिथे एक बुडालेलं जहाज आणि एक रडणारी बाई असते. कंटाळा आला हो. बैलांनी जागा ठरवलेला दीपस्तंभ मात्र हा एकच. हा मी पाडू देणार नाही!"

अट एकच. दाराशी पाटी लावायची आणि तिच्यावर हा किस्सा लिहायचा. लोक येतील, वाचतील, हसतील. पाटीचा मजकूर मी लिहायचा. ठरल्यावर त्यांनी राहण्याचं ठिकाण विचारलं. मेहुणा पायरीवरच होता, दोन दिवसांसाठी एक नंबरची खोली देऊन टाकली.

म्हणजे घर वाचलं, आणि मी विनोद झालो. हिला विचारलं, काय करू? ती आता हळू बोलतच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हसू द्या की! पाडण्यापेक्षा हसलेलं बरं!"

१९ मार्च, गुरुवार

मजकूर लिहिला. 'हा दीपस्तंभ चुकून येथे बांधला गेला. तो शहाऐंशी वर्षे रोज वेळेवर लावला गेला. त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.' तिसऱ्या वाक्याला दोनदा पेन खाली ठेवलं. पण लिहिलं.

मेहुण्याला पाटीवर बैलाचं चित्र हवंय. हसरा बैल. म्हटलं, काय हवं ते कर.

२० मार्च, शुक्रवार

मॅडमना जाण्याआधी पेटलेल्या दिव्याचा फोटो हवा होता. सकाळपासून यंत्राला तेल घातलं, भिंग पुसलं. हात सगळं विसरलेले नाहीत. ६ वाजून ४१ मिनिटांनी सूर्य बुडाला आणि दिवा लावला. सहा वर्षांनी! पहिल्याच खटक्याला लागला. भिंग फिरलं, उजेडाचा पट्टा पाण्यावर लांब गेला. मॅडम हसायच्या थांबल्या. ही कठड्याला धरून उभी होती. तासाभराने विझवला.

उगाच लावलेला दिवा. पण काय सुंदर!

२१ मार्च, शनिवार

सकाळी सातलाच दारावर धडाधड थापा. मागच्या खाडीतल्या वस्तीवरचे मासेमार, नऊ होड्यांचे नऊ जण, सगळे तापलेले. "काल दिवा कुणी लावला?" मी म्हटलं, मी. मग जे काही ऐकवलं त्यांनी! संध्याकाळची जाळी नुकती टाकली होती. दिवा दिसला आणि हात आपसूक सुकाणूवर गेले. निम्मी जाळी पाण्यात सोडून सगळ्या होड्या घरी! बायका विचारतात, एवढ्या लवकर कसे? सगळ्यात म्हातारा तर मला बोट दाखवून ओरडला, "आईनं सांगून ठेवलंय लहानपणी, दिवा लागला की घरी यायचं! आमच्या बापालाही तसंच सांगितलं होतं! आता साठाव्या वर्षी हात ऐकतात होय?"

त्या होड्या कड्याखालून आत वळतात. वरून दिसतच नाहीत. आणि ऑफिसच्या वहीत फक्त जहाजांचा रकाना होता.

अर्धा तास ते मला ओरडत होते. इतकं छान मला आयुष्यात कुणी ओरडलं नव्हतं. जाताना म्हातारा म्हणाला, "आज लावणार असाल तर आधी सांगा. जाळी उशिरा टाकू."

पाटीवरचं तिसरं वाक्य खोडलं. मग त्रेचाळिसावी वही काढली, पट्टी घेतली, नवा रकाना आखला. होड्या : नऊ. सगळ्या परत.